आत्याच्या गावाचा मतदारसंघ

भंडाऱ्याहून रायपूरकडे निघालं की वैनगंगा ओलांडल्याबरोबर कारधा लागतं. नदीवर दोन पूल आहेत. जुन्याला आम्ही लहान पूल म्हणतो, नव्याला मोठा. पावसाळ्यात लहान पुलावर पाणी चढलं की वाहतूक बंद होते आणि सगळं गाव काठावर पाणी पाहायला जमतं. इथं धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरलेली आहे. आमच्याकडच्या शाळकरी पोराला पाढे येवोत न येवोत, हा आकडा येतो.

नदीची ही रेघ सगळ्यांना दिसते. गावावरून जाणारी दुसरी एक रेघ मात्र कोणाला दिसत नाही. ती मतदारसंघाची. ती सरकली तेव्हा काय झालं, ते मला आधी कळलं आत्याकडून.

पण सुरुवात आज्यापासून केली पाहिजे. आज्याच्या तोंडी एका निवडणुकीची गोष्ट कायम असायची. मे १९५४. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. भंडाऱ्यातून लोकसभेवर एक नाही, दोन खासदार जायचे : एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागांची पोटनिवडणूक लागली आणि राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. उन्हाचे दिवस, तेंदूपानाचा हंगाम. तरी माणसं मैलोन् मैल पायी येऊन रांगेत उभी राहिली, असं आजा सांगायचा.

"दोन चिठ्ठ्या भेटल्या गा बाबू. दोनी एकाच पेटीत टाकाच्या नाई, असा सांगतला होता."

प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. म्हणजे राखीव जागेवर कोण जाणार, हेही सगळा मतदारसंघ मिळून ठरवायचा. बाबासाहेब हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा लिहिला त्यांना आपल्या जिल्ह्यानं घरी पाठवलं, ही खंत आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात मी लहानपणापासून ऐकत आलो. आजा मात्र तेवढ्यावर थांबायचा नाही. म्हणायचा, "मानूस तोच, मतं तेच. रेघ कशी मारली, त्याच्यावर सगळा रायते." हे वाक्य मला फार उशिरा समजलं.

दोन खासदारांचे हे मतदारसंघ १९६१च्या कायद्यानं बंद झाले. पुढं एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी. १९७६ साली ४२वी घटनादुरुस्ती आली आणि कोणत्या राज्याला किती जागा, हे १९७१च्या जनगणनेवर गोठवलं गेलं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांच्या जागा लोकसंख्या कमी वाढली म्हणून घटू नयेत, हा त्यामागचा हेतू. आतल्या रेघाही पुढं तीस वर्षं जवळपास हलल्या नाहीत. एका पिढीला वाटायला लागलं की आपला मतदारसंघ म्हणजे आपल्या शिवारासारखाच, कायमचा.

माझ्या आत्याला तसंच वाटायचं. तिला दिलं अड्याळला. निलज-पवनीकडे जाणारा रस्ता आमच्या कारध्याहूनच फुटतो, त्याच रस्त्यावर अड्याळ आहे. गाव तालुक्याचं नाही. पण विधानसभेचा मतदारसंघ अड्याळच्या नावाचा होता. निकालाच्या रात्री रेडिओवर 'अड्याळ' ऐकू आलं की आत्या पदर सावरून बसायची, जणू तिच्याच घरचं कोणी उभं आहे. आमच्याकडं आली की चिडवायची, "तुमचं भंडारा शहराचं नाव आहे. आमचं गावाचं आहे."

जुन्या भंडारा जिल्ह्यात तेव्हा विधानसभेच्या नऊ जागा होत्या : तुमसर, भंडारा, अड्याळ, तिरोडा, गोंदिया, गोरेगाव, आमगाव, साकोली, लाखांदूर. १ मे १९९९ला जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तरी ही नऊ नावं राहिली. २००४ची निवडणूक त्याच नावांवर झाली.

मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाचं काम आलं. २००१ची जनगणना हाती घेऊन प्रत्येक राज्यातले मतदारसंघ नव्यानं आखायचे. राज्याच्या एकूण जागा मात्र तेवढ्याच. महाराष्ट्राच्या २८८ त्या २८८. आता पोतं तेवढंच ठेवून एका बाजूचं धान वाढवायचं, तर दुसऱ्या बाजूचं कमीच होणार. मधल्या तीस वर्षांत माणसं मुंबई, ठाणे, पुण्याकडं गेली होती. त्यात आमच्याकडचीही होती. जिथं माणसं, तिथं जागा. विदर्भाच्या ६६च्या ६२ झाल्या, लोकसभेच्या ११च्या १०. आमच्या दोन जिल्ह्यांच्या नवाच्या सात झाल्या. अड्याळ, गोरेगाव आणि लाखांदूर ही नावं गेली, अर्जुनी मोरगाव हे नवं आलं.

अन्याय झाला असं म्हणावं, तर हिशेब चुकीचा नव्हता. एका मताची किंमत दुसऱ्या मताएवढी असावी, हे कोण नाकारेल? कच्चा आराखडा राजपत्रात छापला गेला, हरकती मागवल्या गेल्या, जाहीर सुनावण्या झाल्या. पण राजपत्र वाचतं कोण? आमच्या गावात तर नाही. आयोगावर त्या त्या राज्याचे काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. आणि आदेश एकदा निघाला की संसदेलाही त्यात बदल करता येत नाही.

आत्याला हे सांगायला मीच गेलो होतो. ती धान पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "म्हंजे आमचा गाव गेला?"

"गाव कुठं जातो आत्या, नाव गेलं."

"नाव गेला म्हंजे मंग काय रायला रे?"

मला हसू आलं होतं. आता येत नाही. मतदारसंघाला गावाचं नाव असलं की आमदाराला त्या गावात चार वेळा यावंच लागतं. कार्यालय तिथं, सभा तिथं. चहाच्या टपरीवर तक्रार सांगितली तरी पोचते. नाव गेलं की ते गाव मोठ्या मतदारसंघाचं एक टोक होतं. नव्या आखणीत भंडारा आणि पवनी हे दोन्ही तालुके मिळून एकच भंडारा मतदारसंघ झाला. साकोली, लाखनी, लाखांदूर मिळून साकोली. तुमसर आणि मोहाडी मिळून तुमसर.

पुढाऱ्यांनाही वाटा शोधाव्या लागल्या. नाना पटोले लाखांदूरचे आमदार होते. लाखांदूर नकाशावरून गेल्यावर २००९ साली ते साकोलीतून विधानसभेवर गेले, पुढं २०१४ला लोकसभेवर. ज्याच्याजवळ पक्ष आणि माणसं असतात, तो रेघ ओलांडून जातो. गावोगावचा साधा कार्यकर्ता, ज्यानं वीस वर्षं एकाच पट्ट्यात सायकल मारली, त्याचं काम तिथंच संपतं.

पण या आखणीची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवली तर लिहिणं खोटं होईल. भंडारा विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. राज्यात अशा राखीव जागा १८ होत्या, त्या २९ झाल्या. कारण लोकसंख्येतला वाटा आता २००१च्या जनगणनेवरून मोजला. आमच्या आळीत तेव्हा बरंच कुरकुरलं गेलं. "आता आपल्याले उभंच राहता येत नाई" असं काहीजण उघड बोलले. आमचे बाबाही त्यात होते. त्यावर शेजारच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे, आज्याचे जुने सोबती, शांतपणे म्हणाले, "आमाले पन्नास वर्षं तेच वाटत होता ना बावा." बाबा त्यानंतर गप्प राहिले. ज्या जिल्ह्यानं १९५४ला बाबासाहेबांना हरवलं, तिथली विधानसभेची जागा राखीव झाली. त्या म्हाताऱ्यानं २००९ला काठी टेकत जाऊन मत दिलं. त्या दिवशी आज्याचं वाक्य मला उमगलं.

लोकसभेचं तर आणखीच. पूर्वी आमगाव, साकोली आणि लाखांदूर चिमूर लोकसभेत होते. चिमूर संपलं. साकोली आमच्यात आली आणि भंडारा-गोंदिया मतदारसंघ झाला. पण गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव गेलं गडचिरोली-चिमूरला. उत्तरेला मध्य प्रदेशाला टेकलेलं सालेकसा आणि दक्षिणेला तेलंगणाच्या काठावरचं सिरोंचा, या दोघांचा खासदार एकच! सालेकस्याच्या माणसानं त्याला गाठायचं म्हटलं तर भाकरी बांधूनच निघावं.

आमच्या घराला ही रेघ लागली ती गोसेखुर्दमुळं. धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. पाणी अडलं तसं ते मागं सरकत आलं. माझा मामा नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातला. त्याचं शेत बुडालं, इकडं आमच्या तालुक्यातल्या कित्येकांचंही. दुःख एक, मोबदल्याचा प्रश्न एक, पुनर्वसनाच्या गावठाणात नळ नाही ही तक्रारही एकच. पण कुही उमरेड विधानसभेत आणि रामटेक लोकसभेत, आम्ही भंडाऱ्यात. निवेदनाच्या दोन प्रती, दोन मोर्चे, दोन दारं. एका दारात सांगायचे, हे तिकडचं आहे. दुसऱ्या दारातही तेच. मामा वैतागून म्हणायचा, "पानी एकच हाय ना? मंग खासदार दोन काऊन?"

२०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. वरून मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी, खाली गोसेखुर्द. लहान पूल दिसेनासा झाला. भंडारा शहरात पाणी शिरलं, खाली लाखांदूरकडची धानं सडली. पाण्यानं कोणताही मतदारसंघ विचारला नाही. नंतर मदतीसाठी मात्र जो तो आपापल्या दारात वेगळा उभा राहिला.

हे फक्त वरच्या निवडणुकांचं नाही. जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण, ग्रामपंचायतीचे वॉर्ड हेही बदलत राहतात. एका निवडणुकीत आमच्या गल्लीची एक बाजू एका वॉर्डात आणि दुसरी दुसऱ्यात गेली. नाली मधोमध. ती कोणत्या सदस्यानं उपसायची, यावर एक पावसाळा गेला. शेवटी दोन्हीकडच्या पोरांनी मिळून उपसली.

आता पुन्हा रेघा हलणार आहेत. २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागा गोठवलेल्या होत्या आणि जनगणना २०२७ला व्हायची आहे. गेल्या वेळचाच हिशेब लागला, तर जिथून माणसं पोटासाठी बाहेर गेली, तिथल्याच जागा पुन्हा जातील. ज्या धानाच्या मुलखानं पुण्याला मजूर दिले, त्यानं आमदारही द्यावा, असा तो हिशेब होईल. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात लोकसंख्येसोबत नदी, रस्ता, बुडीत क्षेत्र आणि सालेकसा ते सिरोंचाचं अंतरही धरा, एवढं तर आपण सांगू शकतो. मात्र ते हरकतीच्या मुदतीत सांगावं लागेल, टपरीवर नाही.

आत्या आता नाही. ती गेली त्या वर्षी तिच्या ट्रंकेत जुनी मतदार स्लिप सापडली, चार घड्या घातलेली. वर लिहिलं होतं : विधानसभा मतदारसंघ, अड्याळ. आतेभावानं ती फेकली नाही. नवा कच्चा आराखडा निघेल तेव्हा तो आणि मी मिळून वाचणार आहोत, ओळ अन् ओळ.