पितळेची आठवण

१८५७ चा धडा मी वर्गात इतक्या वेळा शिकवला आहे की, चरबी लावलेली काडतुसे, ती दातांनी तोडण्याचा हुकूम, बराकपूर, मीरत हे सारे झोपेतून उठवले तरी मी म्हणून दाखवीन. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, सिनेमात बंदुकीतून पितळेच्या पुंगळ्या उडतात. त्यांचं पुढं काय होतं?" मी त्याला खाली बसवले आणि घरी येऊन पुस्तके धुंडाळू लागलो.

कागदी काडतूस टिकत नाही. पितळ मागे राहते. या मागे राहिलेल्या पितळेचे मोल अमेरिकेच्या पश्चिमेकडील वस्त्यांना चांगलेच ठाऊक होते. तिकडची आवडती बंदूक म्हणजे तरफेची रायफल. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, वर घेतली की नवे काडतूस नळीत जाते. १८६० ची हेन्री आणि १८६६ ची विंचेस्टर यांची काडतुसे एकदाच उडवायची. त्यांचे पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेले असे, आणि बार होताच ती कड ठेचली जाई. १८७३ च्या विंचेस्टरच्या काडतुसात मात्र बुडाशी मधोमध एक चिमुकली टोपी बसवलेली होती. जळकी टोपी काढावी, नवी बसवावी, ४० ग्रेन काळी दारू ओतावी, तोंडाशी २०० ग्रेनांची शिशाची गोळी दाबावी, की काडतूस पुन्हा तयार! दुकान दूर आणि पैसा तुटपुंजा, अशा कुणब्याला पुंगळी फेकून देणे कसे परवडावे?

पण पितळ मोठी हट्टी. बार झाला की पुंगळी फुगून कोठीच्या भिंतींना घट्ट चिकटते; म्हणून तर धग बार टाकणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. मग ती आकसते, परंतु पूर्वीइतकी नाही. ज्या कोठीत ती उडाली, त्या कोठीचे माप ती अंगावर वागवीत बाहेर येते. एकीतली पुंगळी दुसरीत अडकते, ती यामुळेच. तेव्हा तिला तेलाचा पुसटसा हात लावून, पोलादी साच्यात ठोकून बसवायचे आणि दांड्याने मागून बाहेर काढायचे. जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने १८८४ मध्ये न्यू हेवन येथे 'आयडियल' कंपनी काढून अशी अवजारे घरोघर पोहोचवली. त्यांतले हातातले अवजार थेट आपल्या अडकित्त्यासारखे दिसते!

तरफेच्या रायफलीला हा सोपस्कार जरा जास्तच लागतो. मागून खिळ फिरवून बंद होणाऱ्या माउझरसारख्या रायफलीत त्या पिळाच्या जोराने घट्ट पुंगळीही आत रेटता येते. तरफेच्या अंगी ते बळ नाही. पुंगळी तसूभर जाड राहिली की कडी मिटत नाही. शिवाय १८९४ च्या विंचेस्टरसारख्या रायफलींची अडसर मागच्या टोकाला असल्याने बाराच्या धक्क्याने ती किंचित मागे लवते आणि पुंगळी बुडाजवळ लांबते. पुन्हा आवळा, पुन्हा उडवा, असे करता करता तेथे एक चकाकते वलय उमटते. जाणता माणूस ते पाहून पुंगळी मोडीत टाकतो. अजाणत्याची पुंगळी कोठीत तुटते.

आवळल्याने पितळ ताठरही होते. तांबट ठोके घालता घालता भांडे भट्टीत का धरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे सांगायला नको. पुंगळीचे बूड पाण्यात ठेवून तोंड तापवतात, मग तिला पाण्यात आडवी पाडतात. तोंड मऊ पडते, बूड कणखर राहते. हा ताण आत राहू दिला तर काय होते, हा धडा इंग्रजांना आपल्याच देशात मिळाला. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत कोंडलेला ताण यांची ही करणी आहे, असा उलगडा १९२१ मध्ये झाला.

इथवर सारी खटपट पितळेला कोठीचे माप विसरायला लावण्याची. माँटाना प्रांतातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी मात्र ती विसरली नाही, हे बरे झाले. तेथे २५ जून १८७६ रोजी कस्टर आणि त्याच्याबरोबरची तुकडी लाकोटा व शायेन लढवय्यांनी कापून काढली. सैनिकांच्या हाती एकबारी स्प्रिंगफील्ड. समोरच्यांपैकी अनेकांच्या हाती हेन्री आणि विंचेस्टर. लढाईतून जिवंत परतलेल्या लढवय्यांच्या हकीकती गोऱ्या इतिहासकारांनी कित्येक वर्षे बाजूला सारल्या होत्या. १९८३ मध्ये वणवा लागून तेथील गवत जळाले, आणि पुढल्या दोन वर्षांत संशोधकांनी ती भूमी पावलापावलाने तपासली. टोपीवरचा खिळ्याचा ठसा, कडेवरचा आकड्याचा ओरखडा यांवरून कोणत्या बंदुकीची पुंगळी कोणती, हे त्यांनी जुळवले. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या मैदानाच्या निरनिराळ्या भागांत सापडल्या, आणि शंभरावर वर्षांपूर्वी ती बंदूक धरणारा माणूस कोठून कोठे सरकला ते दिसू लागले. त्या लढवय्यांनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या ठरल्या.

त्या मुलाला मी हे सर्व सांगितले. ऐकून घेऊन तो म्हणाला, "मग १८५७ च्या कागदाचं, गुरुजी?"