चक्रीवादळातलं चक्र

परवा ऑफिसात एका नावावरून अर्धा तास वाद चालला होता. पान लोड होईपर्यंत स्क्रीनवर जे चित्र गरगरत राहतं ना, त्याच्या फंक्शनचं नाव मी 'स्वर्ल' ठेवलं होतं. रिव्ह्यू करणारा मित्र म्हणाला, "व्हर्ल हवं." तिसरा म्हणाला, "स्पिन ठेवा आणि जेवायला चला!" शेवटी 'स्पिन'च राहिलं (भूक जिंकते, नेहमीच). पण माझ्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. शनिवार सगळा शब्दकोशांत गेला.

गंमत बघा. स्वतःभोवती फिरतं ते 'स्पिन'. वेगानं, भोवळ येईल असं गरगरतं ते 'व्हर्ल'. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. धुरासारखं, कॉफीत ओतलेल्या दुधासारखं हळुवार वळसे घेतं ते 'स्वर्ल'. हा मूळचा स्कॉटलंडचा, आणि तिथे त्याचा अर्थ होता चक्क पाण्यातला भोवरा. नदीकाठाला मुख्य धारेच्या उलट फिरणारं पाणी म्हणजे 'एडी'. 'मेलस्ट्रॉम' डच लोकांचा. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळच्या भयंकर भोवऱ्याचं हे नाव, अर्थ 'दळणारा प्रवाह'. जात्यात सापडल्यासारखी जहाजं भरडली जायची अशी त्याची ख्याती!

'व्हॉर्टेक्स' लॅटिनमधला. ग्राफिक्सवाल्या मंडळींनो, तुमचा 'व्हर्टेक्स' आणि हा मुळात एकच शब्द. डोक्यावर केस जिथे गोल फिरतात तो व्हर्टेक्स, त्यावरून मग शिरोबिंदू. आपणही त्या जागेला भोवराच म्हणतो की! शिवाय त्या शब्दामागचा लॅटिन धातू आणि आपल्या 'आवर्तन'मधला 'वृत्' हे सख्खे भाऊ.

पण या सगळ्यांत मला जाम आवडलेला शब्द म्हणजे 'सायक्लोन'. कारण तो भारतात घडलाय. कलकत्त्यात.

घडवणारा हेन्री पिडिंग्टन. आधी जहाजांवर नोकरी केलेला, मग कलकत्त्यात संग्रहालयाचा क्युरेटर आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्ष झालेला इंग्रज. 1839 पासून तो वादळांवर लेख लिहीत होता. साहित्य काय? जहाजांच्या लॉगबुका. थोडक्यात, लॉग वाचून बग शोधणारा माणूस. आपल्यातलाच!

तेव्हा अमेरिकेत वादळांवरून जोरदार भांडण चालू होतं. 1821 च्या वादळानंतर विल्यम रेडफिल्डनं पाहिलं होतं, की कनेक्टिकटमध्ये झाडं वायव्येकडे पडलीत आणि पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये बरोबर उलट, आग्नेयेकडे. म्हणजे वारा केंद्राभोवती फिरतो. जेम्स एस्पी म्हणायचा, छे, वारा सगळीकडून केंद्राकडे धावतो. आज आपल्याला माहीत आहे की दोघंही अर्धे बरोबर होते. वारा फिरत फिरत आत जातो.

1845 मध्ये मॉरिशसजवळ 'चार्ल्स हेडल' नावाचं जहाज वादळात सापडलं आणि वाऱ्यापुढे पळत कित्येक दिवस वादळाभोवतीच घिरट्या घालत राहिलं. पिडिंग्टननं त्याचं लॉगबुक अभ्यासलं. 1848 मध्ये त्यानं खलाशांसाठी पुस्तक काढलं. सोबत वाऱ्याचे बाण काढलेल्या पारदर्शक चकत्या, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळ्या. नकाशावर चकती ठेवायची, वाऱ्याची दिशा जुळवायची, केंद्र कुठे आहे ते कळतं, आणि जहाज तिथून लांब न्यायचं.

याच पुस्तकात त्यानं 'सायक्लोन' हा शब्द सुचवला. ग्रीकमधून, सापाच्या वेटोळ्यावरून. वारा अगदी वर्तुळातच फिरतो असं त्याला ठामपणे म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यानं वर्तुळ न घेता वेटोळं घेतलं. जेवढं कळलंय तेवढं सांगणारं आणि उरलेल्यासाठी जागा ठेवणारं नाव. याहून चांगलं नाव मी तरी कुठल्या कोडमध्ये पाहिलेलं नाही.

पण नाव चांगलं असून भागत नाही. कलकत्त्याच्या दक्षिणेला मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरत होतं. 1853 मध्ये पिडिंग्टननं गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहून बजावलं, की एक दिवस इथे वादळाबरोबर समुद्र आत घुसेल आणि वस्ती बुडेल. ऐकतो कोण? तो 1858 मध्ये वारला. बंदर झालं, पोर्ट कॅनिंग. 1867 च्या वादळात त्याची धूळधाण उडाली आणि काही वर्षांत ते सोडून द्यावं लागलं.

हे वाचलं आणि मला श्रीवर्धनजवळ राहणारे आमचे काका आठवले.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ. टीव्हीवर तीन दिवस हाच शब्द चालू होता. दुपारी वारा पिसाटला आणि मग अचानक पडला. एकदम शांत. काकांना वाटलं, गेलं एकदाचं. शिडी लावून कौलं बघायला चढले आणि वारा उलट्या दिशेनं आला. काका खाली, हात मोडलेला. वाडीतल्या काही पोफळी समुद्राकडे डोकं करून पडल्या होत्या, काही डोंगराकडे. रेडफिल्डच्या झाडांसारख्याच.

'सायक्लोन'च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द आणि आपलं 'चक्र' हेसुद्धा भाऊच. इशारा तर आपल्याच भाषेत, शब्दातच लिहिलेला होता. हे चक्र आहे, अर्धं फिरलंय, अर्धं अजून यायचंय. काकांनी तो शब्द तीन दिवस ऐकला. मीही ऐकला, आणि आदल्या रात्री फोनवर त्यांना विचारलं काय, तर मोबाइल चार्ज केलाय का! मधली शांतता फसवी असते, तेव्हा बाहेर पडू नका, एवढं एक वाक्य मला सुचलं नाही.

काकांचा हात आता बरा आहे. पाऊस जवळ आला की दुखतो म्हणतात.

असो. सोमवारी जाऊन त्या फंक्शनवर दोन ओळींची कमेंट लिहिणार आहे. कोणी वाचेल की नाही, देव जाणे.