मूळ संख्या, आधारच्या चावीतील

मूळ संख्या, आधारच्या चावीतील : आधार क्रमांक देणाऱ्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची (मुख्यालय नवी दिल्ली) सार्वजनिक चावी ज्यांच्या गुणाकारातून तयार होते त्या दोन प्रचंड मूळ संख्या. त्या कोणत्याही कोशात छापता येणार नाहीत, कारण गुप्त राहणे हेच त्यांचे काम. गुणधर्म मात्र नेमके सांगता येतात.

रेशन दुकानातील यंत्रावर बोट टेकले, की ठशाची माहिती एकदाच वापरायच्या चावीने बंद होते आणि ती चावी प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक चावीने. या सार्वजनिक चावीची पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची (१९७७). २०४८ बिट म्हणजे ६१७ अंकी संख्या. ती कोणालाही पाहता येते. तिचे १०२४ बिटांचे, म्हणजे ३०८-३०९ अंकी, दोन मूळ अवयव मात्र दिसत नाहीत, आणि बंद केलेले उघडायला तेच लागतात.

एवढ्या मोठ्या मूळ संख्या दुर्मीळ असतील असे वाटते, पण तसे नाही. या आकाराला साधारण दर ७१० संख्यांमागे एक मूळ सापडते आणि १०२४ बिटांच्या मूळ संख्या १० च्या ३०५ व्या घाताहूनही जास्त आहेत. म्हणून यादृच्छिक विषम संख्या घ्यायची, तपासायची, नापास झाली तर पुढची घ्यायची, एवढेच करावे लागते. तपासणीचे मूळ फर्माच्या प्रमेयात आहे : p मूळ असेल आणि a ला p ने भाग जात नसेल, तर a च्या (p−१) व्या घाताला p ने भागल्यावर बाकी १ उरते. व्यवहारात याचेच कडक रूप, मिलर-राबिन चाचणी, वापरतात. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये कानपूरला दिलेली निःसंशय कसोटी सिद्धांत म्हणून मोठी, पण कामाला संथ.

मोठेपणापेक्षा गुप्तपणा महत्त्वाचा. २०२४ मध्ये सापडलेली, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या चावीसाठी निरुपयोगी, कारण ती जगाला ठाऊक आहे. दोन चाव्यांत एकच मूळ संख्या आली, तर शाळेतला मसावि काढूनही दोन्ही फुटतात. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरील हजारो चाव्यांत हा दोष दाखवला.

१२ अंकी आधार क्रमांकाशी या मूळ संख्यांची गल्लत करू नये. टेंभली (जि. नंदुरबार) येथे २०१० मध्ये पहिले क्रमांक दिले गेले; त्यांतील शेवटचा अंक फक्त लिहिण्यातली चूक पकडतो. (त्या आकाराच्या संख्यांत साधारण २७ पैकी एक मूळ असते, तेव्हा अनेकांचा आधार क्रमांक स्वतःच मूळ निघेल. उपयोग काही नाही.)

आधारविरोधी याचिकांच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयात मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी माहिती सुरक्षित असल्याचे सांगताना या २०४८ बिटांचाच दाखला दिला होता. तो भरवसा अनुभवाचा आहे, प्रमेयाचा नव्हे : अवयव पाडणे अवघडच असते, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. ‘फोडून दाखवा’ म्हणून जाहीर केलेल्या या प्रकारच्या आव्हान-संख्यांपैकी फोडलेली सर्वांत मोठी ८२९ बिटांची (२०२०). पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाल्यास गणितज्ञ शोर यांच्या रीतीने (१९९४) २०४८ बिटही फुटतील. त्यासाठी अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नव्या पद्धती अवयवांवर अवलंबून नाहीत.