एक नंबरचं कार्ड

जुनं बेसबॉल कार्ड हाती लागलं की अमेरिकेतले संग्राहक लगेच विचारतात, "ग्रेड केलंय का?" म्हणजे एखाद्या कंपनीकडे पाठवून, तिथल्या तज्ज्ञांकडून १ ते १० मधला आकडा घेऊन, कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून आणलंय का? या डबीला स्लॅब म्हणतात. ती फोडली तर आकडा गेला. कोपरे किती टोकदार, कडा किती स्वच्छ, पृष्ठभागावर सुरकुती आहे का, चित्र चौकटीच्या मधोमध छापलंय का, यावर तो आकडा ठरतो. सोन्याच्या हॉलमार्कसारखंच, असं आपल्याला वाटेल. पण सोन्याचा कस यंत्रावर मोजता येतो. इथे शेवटी एका माणसाची नजर असते.

नाण्यांच्या बाजारात ही पद्धत १९८०च्या दशकात रुळली होती. त्याच धंद्यातल्या मंडळींनी १९९१ साली पीएसए ही कंपनी काढून ती कार्डांकडे आणली. पीएसएने क्रमांक १ म्हणून डबीबंद केलेलं कार्ड होतं होनस वॅग्नरचं, आणि त्याला ८ गुण मिळाले होते.

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत पाचशेहून अधिक वेगवेगळी रंगीत कार्डं घातली. पाकीट चेपू नये म्हणून पुठ्ठा हवाच होता, मग त्यावर खेळाडू छापला तर गिऱ्हाईक परत येतं, असा साधा हिशेब. पोरं दुकानाबाहेर उभी राहून मोठ्यांकडे कार्डं मागायची. पिट्सबर्गचा शॉर्टस्टॉप वॅग्नर हा त्या काळातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक. त्याने आपलं चित्र वापरायला नकार दिला आणि त्याचं कार्ड थांबलं. पोरांनी त्याच्यासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटलं नाही, ही प्रसिद्ध गोष्ट. त्याला पैसे हवे होते, ही दुसरी. तो स्वतः तंबाखू चघळायचा, हे पहिली गोष्ट सांगणारे सहसा सांगत नाहीत. मला दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतील असं वाटतं. कारण काहीही असो, आज त्या कार्डाच्या साधारण साठेक प्रतीच माहीत आहेत.

या मालिकेला 'टी-२०६' हे नाव कंपनीने दिलेलं नाही. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने आपल्या सूचीत तो क्रमांक दिला. त्याने तीन लाखांवर छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या, आणि संधिवाताने आखडलेल्या हातांनी वर्षानुवर्षं त्या वह्यांत चिकटवल्या. हो, चिकटवल्या. आजचा कुठलाही ग्रेडर ते पाहून डोळे मिटून घेईल.

आता एक नंबरचं कार्ड. १९८५ साली बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर २५ हजार डॉलरला घेतलं. दोन वर्षांनी १ लाख १० हजारांना विकलं. १९९१ मध्ये आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार यांनी लिलावात ४ लाख ५१ हजार मोजले. त्यानंतर ते ग्रेड झालं. २००७ साली ते २८ लाखांवर पोचलं. ऐंशी वर्षं सिगारेटच्या पाकिटातून आलेल्या पुठ्ठ्याच्या कडा इतक्या धारदार कशा, अशी कुजबुज दरम्यान चालूच होती. २०१३ मध्ये मॅस्ट्रोने आपल्या लिलावगृहातल्या खोट्या बोलींच्या खटल्यात गुन्हा कबूल केला, आणि त्या कबुलीजबाबात हेही मान्य केलं की वॅग्नरच्या बाजूच्या कडा त्याने कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

कापलेल्या कार्डाला आकडा द्यायचाच नाही, हा ग्रेडिंगचा मूळ नियम. म्हणजे पीएसएच्या क्रमांक १च्या कार्डावरच नियम मोडला गेला होता. तरी धंदा कोसळला नाही, उलट वाढला. लोकांना कार्डाविषयीचं सत्य हवं होतंच, पण त्याहून जास्त हवा होता एकमेकांना न भेटता सौदा करता येईल असा एक आकडा. अनोळखी माणसाकडून फोनवर फोटो पाहून हजारो डॉलरची वस्तू घ्यायची तर मधे कुणीतरी तिसरा लागतोच. फक्त हा तिसरा अगदीच तटस्थ नाही. बहुतेक ठिकाणी फी कार्डाच्या किमतीवर ठरते, म्हणजे गुण चढले तर परीक्षकाचीही कमाई चढते.

याच्या उलट टोकाला बाल्टिमोरच्या जोगिणी. २०१० साली एका जोगिणीच्या वारलेल्या भावाने त्यांच्या संस्थेला एक वॅग्नर ठेवला. तीन बाजूंची पांढरी किनार कापलेली, मधे घडी पडलेली, वरून प्लास्टिक चढवलेलं. आकड्याच्या भाषेत तळाचा माल. तो २ लाख ६२ हजार डॉलरला गेला. इतक्या दुर्मीळ कार्डात गुणांआधी 'अस्सल आहे का' हाच प्रश्न असतो.

हे सगळं मी गेले काही आठवडे वाचतेय ते शेजारच्या आजोबांमुळे. मी पिट्सबर्गमध्ये राहते, वॅग्नरचा पुतळा इथल्या मैदानाबाहेर उभा आहे. आजोबांकडे टी-२०६ मालिकेतलं एक कार्ड आहे. खेळाडू कुणाला आठवणार नाही असा. पण मागे 'ड्रम' सिगारेटची जाहिरात आहे, आणि ड्रमच्या पाठीची कार्डं फारच थोडी सापडतात. समोरचं चित्र तेच असलं तरी पाठीमुळे किंमत कितीतरी पट होते. त्या जाहिरातीच्या कडेला त्यांच्या आजोबांनी लहानपणी पेन्सिलने आपलं नाव लिहिलंय, शेवटचं अक्षर जागा संपल्यामुळे खाली उतरलंय.

पीएसएच्या डबीवर अशा लिखाणासाठी 'एमके' ही दोन अक्षरं येतात, म्हणजे खूण केलेलं, दोष असलेलं. नाहीतर थेट गुण कापतात. एका विक्रेत्याने त्यांना सांगितलं, चांगल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कळणारही नाही. माझ्या मते मॅस्ट्रोच्या कात्रीत आणि या खोडरबरात फरक फक्त मापाचा आहे. आणि कार्ड कुणाच्या घरात होतं याचा एवढा एकच पुरावा उरलाय.

मग पाठवायचंच नाही का? तेही मला पटत नाही. आजोबांना तीन नातवंडं, कार्ड एक. पुढेमागे ते विकून वाटणी होणार. बंद डबीशिवाय विकायला गेलं तर पहिला भेटेल तो व्यापारी "नकली असेल" म्हणून निम्म्यात पाडून मागेल. खेरीज शंभर वर्षांचा पुठ्ठा पाकिटातून पाकिटात हलवण्यापेक्षा डबीत सुरक्षित. मला मधला रस्ता बरा वाटतो: आकडा मागायचाच नाही, फक्त 'अस्सल' एवढंच लिहून बंद करून घ्यायचं. कार्ड छापखान्यातून आलंय की नकली आहे, कापलंय की नाही, हे मापाने, कागदाने, शाईने बऱ्यापैकी ठरवता येतं. ते ३ आहे की ४, हे मत आहे, आणि आजोबांच्या आजोबांच्या सहीबद्दल मला कुणाचं मत नकोय.

मोठ्या नातवाला आकडाच हवा होता. त्यावर दोन रविवार वाद झाला. अखेर पेन्सिल तशीच ठेवून, आकड्याशिवाय पाठवायचं ठरलंय. फॉर्म भरून झालाय. 'जाहीर किंमत' हा एक रकाना तेवढा आजोबांनी अजून रिकामा ठेवलाय.