नेट लावूनही नेट येईना

"सर, नेटच घेईना की हे."

सांगलीतल्या एका कॉलेजची संगणक लॅब. वर्ग भरायला चार दिवस उरलेले आणि तीस नव्या मशिनींवर विंडोज मारायची बाकी. हे 'मारणे' आमच्या धंद्यातलं. कागदावर 'प्रणाली प्रस्थापित करणे' असं काहीतरी लिहितात, पण लॅबमध्ये विंडोज मारतात, बिघडली की फॉरमॅट मारतात. मराठीत रंग मारतात, हवा मारतात, झाडू मारतात, गप्पाही मारतात, आणि या सगळ्यात कुणाचा जीव जात नाही. एखादी गोष्ट दणक्यात, एका झटक्यात उरकायची असली की आपण ती 'मारतो'. आमच्या कामाला सगळ्यात जवळचा शिक्का मारणे. एक ठसा तयार ठेवायचा आणि तो तीस ठिकाणी उमटवायचा. त्या ठशाला आम्ही इमेज म्हणतो.

तीस मशिनींना तीस पेनड्राइव्ह लावत बसायला नको म्हणून इमेज सर्व्हरवर ठेवायची आणि मशिनींनी ती वायरीवरून उचलायची, अशी व्यवस्था होती. मशीन चालू झालं, त्याने सर्व्हर शोधला, बूट इमेज ओढून घेतली, निळी खिडकी उघडली. आणि तिथे आलेला निरोप असा, की नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही, पुढे जाता येत नाही. शिफ्ट आणि एफ-टेन दाबून काळी खिडकी उघडली, आयपीकॉन्फिग लिहिलं. उत्तरात एकही पत्ता नाही. लॅब असिस्टंट माझ्याकडे बघत राहिला. "पर सर, हे सगळं नेटवरनंच आलं न्हवं का आत्ता?"

प्रश्न बिनतोड होता. जी इमेज नेटवरून आली, तिलाच नेट म्हणजे काय ते ठाऊक नाही. होतं असं, की सुरुवातीला नेटवर्क कार्डाच्या पोटातला एक चिमुकला प्रोग्राम काम करतो. त्याचं नाव पीएक्सई, उच्चार 'पिक्सी'. पिक्सी म्हणजे इंग्रजी लोककथांमधली छोटी परी. आपल्याकडच्या नदीकाठच्या आसरांसारखी ती येते, इमेज आणून मेमरीत ठेवते आणि अंतर्धान पावते. मग कारभार त्या इमेजमधल्या छोट्या विंडोजच्या हाती जातो. आता कार्डाशी बोलायला तिला स्वतःचा ड्रायव्हर हवा. मशीन इमेजपेक्षा नवं असेल तर तो तिच्याजवळ नसतो. सर्व्हरवर ड्रायव्हर असतो, पण सर्व्हरपर्यंत जायलाच ड्रायव्हर लागतो.

गंमत म्हणजे हा पेच 'बूट' या शब्दातच बसलेला आहे. हा बूट पायातलाच. इंग्रजी बुटाला मागे कातड्याची एक पट्टी असते, बोट अडकवून बूट वर ओढायला. ती बूटस्ट्रॅप. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच जमिनीवरून उचलायचं, ही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अशक्यपणाची थट्टा होती. जर्मन गोष्टींतला थापाड्या बॅरन मुंचाउझेन तर आपलेच केस धरून दलदलीतून वर येतो. 1950च्या दशकात संगणकवाल्यांनी ही थट्टा गंभीरपणे घेतली. प्रोग्राम मेमरीत आणायला प्रोग्राम लागतो, तर आधी चार ओळींचा प्रोग्राम कसाबसा आत घालायचा आणि पुढचं त्याने ओढून आणायचं. तो बूटस्ट्रॅप लोडर. पुढे पट्टी गळाली, बूट राहिला. आमच्याकडे मशीन बूट होईना झालं की हात पायताणाकडे जातो, तो भाग वेगळा.

आपल्या शास्त्रीमंडळींकडे याला जुना दृष्टान्त आहे. डोंबाऱ्याचं पोर कितीही तरबेज असलं तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही. वाद करताना प्रतिपक्षाने अमुक गोष्ट स्वतःच स्वतःला सिद्ध करते असं म्हटलं, की हे पोर पुढे करायचं. सातारा जिल्ह्यातल्या वाईत, प्राज्ञपाठशाळेच्या गावात, ते कुणाला परकं वाटलं नसतं. त्याच पाठशाळेत शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली तिथे मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. 1976 साली पहिला खंड निघाला, पण त्याच्या तीन वर्षं आधी परिभाषासंग्रह छापावा लागला. आधी शब्द हवेत, मग त्या शब्दांत कोश लिहायचा. खंड मारण्याआधी इमेजमध्ये ड्रायव्हर घालण्याचाच हा प्रकार.

ड्रायव्हरला मराठी काय म्हणावं? एसटीत दोन पाट्या असतात, चालक आणि वाहक. 'चालक' शुद्ध आहे, तरी 'नेटवर्क कार्डाचा चालक' म्हटलं की मला खाकी कपडे दिसू लागतात. 'सारथी' जास्त गोड. तो शब्द 'सरथ'पासून आला, म्हणजे मूळ अर्थ त्याच रथात बसलेला. पण इंग्रजी ड्राइव्ह मुळात रथाचं नाही, गुरं हाकण्याचं. म्हणून सातारा-सांगलीच्या शर्यतीच्या मैदानावर भोंग्यावरून छकडीवाल्याला 'ड्रायव्हर' म्हणतात तेव्हा तो शब्द नकळत आपल्या मूळ घरी, बैलांमागे, परत आलेला असतो. महामार्गावर त्याच्यासोबत 'किन्नर' असतो. हा पुराणातला गंधर्वांचा सोबती नव्हे, ट्रकचा क्लीनर. खंबाटकीच्या घाटात चाकाला दगड लावायला उतरतो तो. इतका झकास शब्द कुठल्याही समितीला सुचला नसता.

सांगलीत बसून मला मात्र 'सूत्रधार' म्हणावंसं वाटतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथे 'सीतास्वयंवर' केलं, त्या नाटकात सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलत. पात्र कार्डासारखं, अंगात सगळं आहे पण स्वतःहून सुरू होत नाही. सूत्रधार नसेल तर नुसता मुखवटा लावून उभं राहील. शब्दही चिवट आहे. घासून घासून त्याचाच 'सुतार' झाला, कारण दोरी मुळात मापाचीही होती. अर्थात लॅबमध्ये "सूत्रधार घातला का रे?" असं विचारलं तर पोरं तोंडात रुमाल धरतील.

आम्ही ड्रायव्हर घातला. कंपनीने दिलेली गुंडाळलेली फाइल तशीच टाकून चालत नाही. ती उलगडायची, आतली आयएनएफ फाइल आणि तिची भावंडं बाहेर काढायची, इमेज एका फोल्डरात उघडून घ्यायची, डिझम नावाच्या हत्याराने ड्रायव्हर आत सरकवायचा आणि बदल पक्का करून इमेज सर्व्हरवर चढवायची. एवढं करूनही पुन्हा तोच निरोप. बूट इमेजच्या पोटात दोन खोल्या असतात. मी सामान पहिलीत ठेवलं होतं आणि मशीन दुसरीत उघडत होतं. चूक सर्वस्वी माझी. असिस्टंट काही बोलला नाही, फक्त चहा मागवला.

चहा येईपर्यंत 'नेट'वर डोकं चालवलं. मराठीत हा शब्द इंग्रजी यायच्या कितीतरी आधीपासून आहे. नेट म्हणजे जोर, रेटा. गाडा चिखलात रुतला की चार माणसं नेट लावतात, पोर नेटाने अभ्यास करतं. इंग्रजी नेट म्हणजे जाळं. दोघांचा काडीचा संबंध नाही, पण बोलण्यात दोघे एकाच बाकावर बसलेत. 'आज नेट नाही' हे वाक्य आता माणसाबद्दलही खरं आणि मोबाइलबद्दलही.

दुसऱ्या खोलीत ड्रायव्हर ठेवून इमेज पुन्हा सर्व्हरवर चढवली. मशीन सुरू केलं. पिक्सी आली, गेली. निळी खिडकी उघडली आणि या वेळी तिने सर्व्हरवर जाण्यासाठी नाव आणि पासवर्ड विचारला.

"घेतलं की सर," असिस्टंट म्हणाला आणि पुढच्या मशिनीचं बटण दाबायला उठला.