बांधकामयंत्रांचे अपघात

बांधकामयंत्रांचे अपघात : इमारती, पूल, धरणे, रस्ते इत्यादींच्या बांधकामावर याऱ्या (क्रेन), उत्खनक, बुलडोझर, डंपर, पुलाच्या तुळया बसविणारे लाँचर यांसारख्या अवजड यंत्रांमुळे कामगारांना होणाऱ्या गंभीर इजा व मृत्यू यांचा या विषयात अंतर्भाव होतो. कारखान्यातील यंत्र एका जागी पक्के बसविलेले असते व त्याभोवती कठडा घालता येतो. बांधकामावरील यंत्र रोज जागा बदलते, त्याच्या खालची जमीन बदलते आणि त्याच्या वळणाच्या टप्प्यात माणसे वावरत असतात. त्यामुळे यंत्र चालविणारा एक व जायबंदी होणारा दुसराच, असे येथे वारंवार घडते. या अपघातांविषयीच्या कायद्यांचा इतिहास बराचसा याच गोष्टीभोवती फिरलेला आहे.

पायचाकाने फिरणाऱ्या याऱ्या रोमन काळापासून वापरात होत्या. इंग्लंडमधील कँटरबरी कॅथीड्रलचा स्थपती सांसचा विल्यम हा ११७८ मध्ये मोठ्या कमानी छताच्या कामासाठी यंत्रांची तयारी करीत असताना सु. १५ मी. उंचीच्या परांचीवरून कोसळला. काही काळ अंथरुणातून कामावर देखरेख करून अखेरीस तो फ्रान्सला परतला. ही हकीकत टिकली, ती तो स्थपती होता म्हणून; त्या काळच्या जखमी बिगाऱ्यांची नोंद सहसा आढळत नाही.

वाफेच्या शक्तीने अपघातांचे प्रमाण व स्वरूप दोन्ही बदलले. विल्यम ओटिस या अमेरिकन अभियंत्याने १८३०–४० या दशकात वाफेवर चालणारे उत्खनक तयार केले. पुढे अशाच यंत्रांनी व माती वाहणाऱ्या आगगाड्यांनी पनामा कालव्याचा कुलेब्रा येथील डोंगर फोडण्यात आला. कालव्याच्या अमेरिकन कालखंडात (१९०४–१४) रोग व अपघात यांमुळे ५,६०९ कामगार मृत्यू पावले, त्यांपैकी सु. ४,५०० वेस्ट इंडीजमधील कृष्णवर्णीय होते.

इंग्लंडमध्ये १८३७ सालच्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यातून ‘समान सेवे’चे तत्त्व रूढ झाले. सहकाऱ्याच्या चुकीने झालेल्या इजेबद्दल मालक जबाबदार नाही, असा त्याचा आशय. हा खटला वस्तुतः एका खाटकाच्या गाडीसंबंधीचा होता. पण यारीचालकाच्या चुकीने खालचा मजूर चिरडला, तर त्याच्या कुटुंबास काहीच मिळू नये, असा त्याचा बांधकामावरील परिणाम होता. १८९७ च्या कायद्याने चूक कोणाची हे न पाहता भरपाई देण्याचे बंधन मालकावर घातले. तथापि इमारतींपुरते ते ३० फुटांहून उंच व परांची किंवा यंत्रशक्ती वापरलेल्या कामांनाच लागू होते. हे तत्त्व तेथे पूर्णतः रद्द झाले १९४८ मध्ये. भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ठेकेदाराच्या मजुरांची जबाबदारी मूळ मालकावरही टाकली व १९३८ च्या कायद्याने समान सेवेचा बचाव काढून घेतला. मात्र भरपाईचा अर्ज जेथे अपघात घडला, तेथील आयुक्तांकडेच करावा लागे. परप्रांतातून आलेल्या मजुराच्या विधवेला याचा अर्थ काय होता, हे सांगावयास नको. राहत्या ठिकाणी अर्ज करण्याची मुभा १९९५ च्या दुरुस्तीने मिळाली.

इजांमध्ये चिरडणे, तुटणे, उंचावरून पडणे व यारीचा दांडा वीजवाहिनीला लागून बसणारा धक्का या प्रमुख होत. मागे येणाऱ्या डंपरच्या चालकास त्याच्या मागचे दिसत नाही. उत्खनक वळताना त्याचा मागील प्रतिभार भिंतीशी उभ्या माणसाला दाबतो. फार वेळ दडपून राहिलेला अवयव मोकळा केल्यावर स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्यांतून काढलेल्या रुग्णांवरून बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. वरवर सुखरूप वाटणारा जखमी काही दिवसांनी दगावतो, तो यामुळे.

यारीच्या बाबतीत दोर व आकडा यांइतकाच वाराही महत्त्वाचा असतो. अमेरिकेतील मिलवॉकी येथे १४ जुलै १९९९ रोजी क्रीडागाराच्या छताचा ४०० टनांहून जड भाग उचलताना एक प्रचंड यारी कोसळली. तो भाग जोडून घेण्यासाठी दुसऱ्या यारीला टांगलेल्या पाळण्यात थांबलेले तीन लोहकामगार मृत्यू पावले. उचललेल्या भागाच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर येणारा वाऱ्याचा दाब पुरेसा विचारात घेतला गेला नव्हता. दिल्लीत झमरूदपूर येथे १२ जुलै २००९ रोजी मेट्रोच्या पुलाचा भाग लाँचरसह कोसळून सहाजण ठार झाले आणि दुसऱ्याच दिवशी तो ढिगारा उचलताना याऱ्याही उलटल्या. बचावाचे काम हेही अवजड उचलीचेच काम असते, याचा विसर घाईत पडतो.

महाराष्ट्रात समृद्धी महामार्गाच्या पुलावर, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास लाँचर तुळईसह कोसळून वीसजणांचा बळी गेला. मृतांमध्ये इतर राज्यांतून आलेले अनेकजण होते.

बांधकामाची जागा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. याऱ्यांची सक्षम व्यक्तीकडून तपासणी यांसारखी बंधने घालणारा बांधकाम कामगारांचा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९९६ मध्ये झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने घेतली आहे. दहा कामगारांची किमान मर्यादा दोहोंत आहे; चार मजूर व एक भाड्याचा उत्खनक घेऊन चाललेले पायाचे खोदकाम तिच्या खाली राहते.