खिरापत

हस्त नक्षत्र लागले की पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरायचा आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची, ही आपली जुनी रीत. वासावरून, डब्याच्या खुळखुळण्यावरून चार वर्षांची चिमुरडीही हरभरे की लाडू ते सांगे. १९०७ साली रोममध्ये माँटेसोरीबाईंनी इंद्रियशिक्षणाची शाळा काढली. आमच्या आयाबायांचा हा वर्ग मात्र अंगणातच भरे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. वस्तीतली मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. सुटीत पोरांना शेंगा सोलू द्या, लाडू वळू द्या, असे मी मास्तर म्हणून सांगतो खरा. पण ज्या घरी डबाच रिकामा, तिथे ओळखायचे काय? १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडीत पाटीबरोबर खाऊही आला, याचे मोल मला म्हणूनच मोठे वाटते.